पाणी निवळणारी प्रथिने : दुधनीच्या काठावरून

सिल्वासा शहर (आपल्याकडील जुनी मंडळी त्याला सेल्वास म्हणत) मागे टाकून खानवेलमार्गे दुधनीकडे निघाले की कारखान्यांच्या भिंती हळूहळू संपतात आणि सागाचे रान सुरू होते. सुमारे चाळीस किलोमीटरांच्या या वाटेच्या शेवटी डोंगरांच्या कुशीत पसरलेले विस्तीर्ण पाणी दिसते. हा दमणगंगेवरील मधुबन धरणाचा जलाशय. सुट्टीच्या दिवशी येथे नौकाविहारासाठी गर्दी होते. शिकाऱ्यात बसून काश्मीरची हौस भागवून घेणारी कुटुंबे मुंबई, सुरत, वापी येथून येतात आणि संध्याकाळी परततात. पाणी शांत असते, निळे दिसते, आणि पाहणाऱ्याला वाटते, पाण्याची चिंता असलीच तर ती या गावाला नसावी.

मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. १७७९ च्या तहान्वये पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची येथील गावे पोर्तुगीजांना तोडून दिली आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ती मुक्त करण्यासाठी जी मंडळी गेली, त्यांत सुधीर फडके व बाबासाहेब पुरंदरे होते, हे आपल्या घरांतून अजून अभिमानाने सांगितले जाते. १९६१ मध्ये हा प्रदेश रीतसर भारतात विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश करण्यात आला. परंतु या साऱ्या राजकीय सीमांपेक्षा जुना असा एक धागा येथून वाहतो, तो म्हणजे दमणगंगा. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात अंबेगावजवळ सह्याद्रीत ती उगम पावते, सुमारे १३१ किलोमीटरांचा प्रवास करते, महाराष्ट्र, नगर हवेली व गुजरात अशा तिघांच्या भूमीतून जाऊन दमणजवळ अरबी समुद्रास मिळते. वाटेत तिला वाघ, साकरतोंड, दुधनी इत्यादी उपनद्या भेटतात. काठावर वारली, कोकणा, धोडिया लोकांची वस्ती आहे. त्यांपैकी वारली व कोकणा यांची बोली कानावर पडली की मराठी माणसाला अर्धे कळते आणि उरलेले कळल्यासारखे वाटते.

या नदीचे दोन चेहरे आहेत. दुधनीला दिसतो तो वरचा. येथे पाण्यात दोष असतो तो बहुधा मातीचा. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर डोंगरउतारावरील तांबडी माती ओहोळांतून खाली येते, आणि झरे, विहिरी, ओढे गढूळ होतात. मातीबरोबर जनावरांचे शेण, कुजलेला पाला आणि त्यांच्या आश्रयाने असणारे रोगजंतू येतात. दुसरा चेहरा खाली, सिल्वासा ओलांडल्यावर दिसतो. १९८४ पासून मिळालेल्या करसवलतींमुळे नगर हवेलीत कारखानदारी फोफावली. शेजारच्या वापीची औद्योगिक वसाहत तर १९६७ पासूनची. रंग, औषधे, कीटकनाशके व त्यांची मध्यरसायने तेथे तयार होतात. २००७ मध्ये ब्लॅकस्मिथ या अमेरिकन संस्थेने जगातील अत्यंत प्रदूषित अशा दहा स्थळांची जी यादी प्रसिद्ध केली, तीत वापीचे नाव होते. २००९ मध्ये आपल्याच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक समूहांचा प्रदूषण-निर्देशांक काढला, तेव्हा वापीला १०० पैकी ८८.०९ गुण मिळाले. अंकलेश्वर ८८.५० गुणांनी पहिले आणि वापी दुसरे. परीक्षेत इतके गुण मिळाले तर घरात पेढे वाटावेत, येथे मात्र नव्या कारखान्यांना परवानगी देणे काही काळ थांबवावे लागले.

वरचा दोष डोळ्यांना दिसतो, खालचा पुष्कळदा दिसत नाही, आणि यातच सगळी मेख आहे. गढूळ पाणी पाहून आई मुलाच्या हातातून पेला काढून घेते. शिसे, पारा किंवा आर्सेनिक विरघळलेले पाणी मात्र स्फटिकासारखे स्वच्छ असू शकते, त्याला वास नसतो, चव नसते. भारतीय मानक संस्थेच्या १०५०० क्रमांकाच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. एक मिलिग्रॅम म्हणजे साखरेचे दोन-चार कण. त्याचा हजारावा भाग ही पाऱ्याची मर्यादा. अशा शत्रूला गाळणीने कसे अडवावे?

या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत जी उत्तरे पुढे आली, त्यांतील एक मोठे कुतूहलजनक आहे. ते उत्तर म्हणजे प्रथिने. डाळ, दूध, अंडी यांत असणारी, ज्यांना आपण आहाराच्या पुस्तकातून ओळखतो तीच ही प्रथिने. प्रयोगशाळेत त्यांचे अतिसूक्ष्म धागे करून त्यांनी पाणी शुद्ध करता येते. मीटरचे शंभर कोटी भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो आणि हे धागे काही थोड्या नॅनोमीटर जाडीचे. म्हणून त्यांना नॅनोपदार्थ म्हणतात. शब्द नवा आहे, पण प्रथिनाने पाणी निवळण्याची युक्ती तितकी नवी नाही.

पाणी निवळण्यासाठी आपल्या आज्या तुरटी फिरवीत. त्याहून जुना उपाय निवळीच्या बियांचा. संस्कृतात हिला कतक म्हणतात आणि सुश्रुताने पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत तिचा उल्लेख केला आहे. मनुस्मृतीतही धर्माचरणाच्या संदर्भात हिचा दृष्टान्त येतो. कतकाचे नुसते नाव घेऊन पाणी निर्मळ होत नाही, असा त्याचा आशय आहे. (नद्यांच्या स्वच्छतेच्या घोषणा ऐकताना हा दृष्टान्त हटकून आठवतो.) निवळीचे बी मडक्याच्या आतील अंगास उगाळीत, आणि वर गढूळ पाणी ओतीत. गाळ तळाशी बसे. येथे एक इशारा दिलाच पाहिजे. निवळी आणि विषारी कुचला ही एकाच कुळातील झाडे आहेत, तेव्हा ओळख पक्की नसता कोणतेही बी उगाळण्याच्या भरीस पडू नये. शिवाय निवळीचा गुण मुख्यतः तिच्यातील बहुशर्करांचा, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचा आहे.

प्रथिनाचा गुण पाहावयाचा तर आपल्या परसातील शेवग्याकडे वळले पाहिजे. बडोद्याच्या मराठी घरात त्याला शेजारणीच्या तोंडून सरगवो म्हणून ऐकले असेल, बेळगाव-धारवाडकडे नुग्गेकाई आणि तंजावरच्या मराठी घरांत सांबारातील मुरुंगै म्हणून. शेंगा आपण कोवळ्या खातो. झाडावर तशाच राहू दिल्या तर त्या वाळतात, तडकतात आणि आत तीन पापुद्र्यांचे पंख असलेल्या तपकिरी बिया मिळतात. सुदानमध्ये नाईलकाठच्या स्त्रिया पुराचे गढूळ पाणी याच बियांच्या पुडीने निवळतात, हे सामिया अल अझारिया यान या जर्मन संशोधिकेने १९७०च्या दशकात बारकाईने नोंदविले आणि शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. १९९५ मध्ये कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की हा गुण बियांतील धनभारित प्रथिनांचा आहे. त्यांचा रेणुभार सुमारे तेरा हजार. प्रथिनांच्या राज्यात हे रेणू बुटकेच म्हणावयाचे.

हे घडते कसे? गढूळ पाण्यातील मातीचे कण ऋणभारित असतात. समान भार एकमेकांस दूर लोटतात, म्हणून कण एकत्र येत नाहीत, जड होत नाहीत आणि तासन् तास पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतून ॲल्युमिनियमचे धनभारित आयन सुटतात, ते हा ऋणभार फेडतात आणि कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. शेवग्याचे प्रथिनही नेमके हेच करते. शिवाय बहुतेक जिवाणूंचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. ते मातीबरोबर खाली ओढले जातात, आणि काहींच्या बाह्य पटलावर हे प्रथिन आघातही करते. प्रयोगांतून जिवाणूंची संख्या ९० ते ९९ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले आहे. ९९ टक्के हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण ज्या पाण्यात दहा हजार जंतू होते त्यात शंभर उरले, असा त्याचा दुसरा अर्थ आहे. म्हणजे हे पाणी निवळलेले झाले, निर्जंतुक नव्हे.

दुसरी उणीव अशी, की पुडीतून प्रथिनाबरोबर बियांतील इतर सेंद्रिय द्रव्येही पाण्यात उतरतात. ती उरलेल्या जंतूंचे खाद्य ठरतात, आणि असे पाणी चोवीस तास ठेवले तर जंतू पुन्हा वाढतात. यावर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास एक सुंदर तोड काढली. त्यांनी बियांचा अर्क थेट पाण्यात न घालता वाळूवर ओतला. धनभारित प्रथिन ऋणभारित वाळूच्या कणांना घट्ट धरून बसले, बाकीची सेंद्रिय द्रव्ये धुऊन टाकता आली. उरली ती प्रथिनाचा मुलामा चढलेली वाळू. तिच्यातून गढूळ पाणी सोडले की माती व जंतू वाळूलाच अडकतात. येथे वाळूचा कण हा केवळ आधार, खरे काम त्याच्यावरील काही नॅनोमीटर जाडीच्या प्रथिनाच्या थराचे. डोंगरातील पाड्याला वाळू व शेवगा दोन्ही परके नाहीत, हे या युक्तीचे मला सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

हे झाले दुधनीकडच्या दोषाविषयी. खालच्या दमणगंगेतील न दिसणाऱ्या धातूंपुढे शेवग्याच्या पुडीचे फारसे चालत नाही. तेथे प्रथिनाचा दुसराच एक गुण कामास येतो, आणि तो कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

फ्रान्समध्ये तेनार नावाचे थोर रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. असे सांगतात, की १८२५ मध्ये वर्गात शिकविताना त्यांनी पाण्याऐवजी चुकून रसकापुराच्या जातीच्या जहाल पारदविषाच्या द्रावणाचा पेला तोंडाला लावला. चूक ध्यानी येताच त्यांनी विद्यार्थ्यांना अंडी आणावयास पिटाळले, अंड्यातील पांढरा बलक भराभर गिळला, आणि ते बचावले. बलकातील प्रथिनाने पारा पोटातच धरून ठेवला होता. (आजच्या काळी अशा प्रसंगी घरगुती प्रयोग न करता रुग्णालय गाठावे, हे सांगणे नलगे.) पारा आणि शिसे यांना प्रथिनांतील गंधकाचे विलक्षण आकर्षण असते. सिस्टीन नावाचे एक अमायनो आम्ल अनेक प्रथिनांत असते आणि त्याच्या टोकाशी गंधकाचा अणू असतो. शरीरात गेलेला पारा आपल्या मेंदूतील, मूत्रपिंडातील प्रथिनांच्या याच गंधकाला बिलगतो, त्यांची कामे बंद पाडतो, आणि म्हणूनच तो विष ठरतो. जपानमधील मिनामाटा येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेली हानी ही याच ओढीची. आता कल्पना अशी, की पाऱ्याला प्रथिन हवेच असेल तर ते त्याला शरीराच्या बाहेरच, पाण्याच्या वाटेवर का देऊ नये?

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील संघीय तंत्रविद्यापीठात राफाएले मेझेंगा व श्रीनाथ बोलिसेट्टी यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली आणि २०१६ मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. त्यांनी निवडलेले प्रथिन दुधातले, बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन ते साडेतीन टक्के असतात. त्यांचे चार भाग केसीन आणि एक भाग निवळीतील प्रथिने, आणि त्या निवळीतील सुमारे निम्मा वाटा या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचा. येथे शब्दाची एक गंमत आहे. पनीर किंवा चीज केल्यावर उरणाऱ्या पाण्यालाही मराठीत निवळीच म्हणतात. कतकाचे बी ते निवळी आणि दुधाचे पाणी तेही निवळी. भाषेने दोघांना एका नावाने हाक मारली ती दोन निराळ्या कारणांनी, पण आता दोघींच्या कपाळी पाणी शुद्ध करण्याचे एकच काम आले आहे.

या प्रथिनाचा रेणू मुळात लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला असतो. तो आम्लात ठेवून ९० अंश सेल्सिअसला काही तास तापविला की गुंडा उलगडतो, त्याचे तुकडे होतात, आणि ते एकावर एक रचले जाऊन लांबच लांब ताठ तंतू तयार होतात. जाडी काही नॅनोमीटर, लांबी मात्र त्याच्या हजारपट. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो तेव्हाही प्रथिने उलगडून एकमेकांत गुंततात. फरक इतकाच, की तेथे नुसता गुंता होतो आणि येथे सूतकताई होते. या तंतूंवर सिस्टीनसारखी धातूंना धरणारी स्थाने पृष्ठभागावर उघडी पडलेली असतात. हे तंतू सक्रिय कोळशात मिसळून त्यांची पातळ चाळणी करतात. दूषित पाणी तिच्यातून ओढले की शिसे, पारा यांसारखे जड धातू ९९ टक्क्यांहून अधिक अडतात, असे त्या प्रयोगांत दिसले. कोळसा एकटा हे इतके करू शकत नाही. पुढे २०१७ मध्ये आर्सेनिकसाठी, २०१९ मध्ये झिर्कोनियमची जोड देऊन फ्लोराइडसाठी आणि २०२१ मध्ये लोहाची जोड देऊन विषाणूंसाठीही असेच सापळे तयार झाले.

शास्त्रज्ञ या तंतूंना ॲमिलॉइड म्हणतात, आणि त्या नावाने काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल. अल्झायमर या विस्मृतीच्या विकारात मेंदूत जे साके आढळतात, तेही ॲमिलॉइडच. हे नाव १८५४ मध्ये फिरखो या जर्मन वैद्याने दिले. आयोडीन लावल्यावर त्या ऊतींचा रंग बदलला, म्हणून त्यांना ते पिष्टासारखे वाटले. पुढे पाचच वर्षांत ते पिष्ट नसून प्रथिन आहे असे ठरले, पण नाव चिकटले ते चिकटलेच. रचनेचा साचा सारखा असला तरी सर्व ॲमिलॉइड रोगकारक नसतात. अन्नातील प्रथिनांपासून केलेले असे तंतू पेशींवर व सूक्ष्म कृमींवर तपासून पाहिले असता अपायकारक आढळले नाहीत, असा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तो अर्थात ज्या संशोधकांनी हे तंतू पुढे आणले त्यांच्याच गटाचा. इतरांनीही अशा चाचण्या कराव्यात हे बरे.

श्रीखंडासाठी चक्का टांगणाऱ्या गृहिणीच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल, की फडक्यातून गळणारे पाणी मग वाया का घालवावे? दुर्दैवाने त्या पाण्यात हे प्रथिन फार थोडे उरते. आपण दही लावण्यापूर्वी दूध उकळतो. त्या उष्णतेत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडून केसीनला चिकटते आणि चक्क्यातच राहते. चीजसाठी दूध इतके तापवीत नाहीत, म्हणून तेथील निवळी उपयोगाची. आपल्या चक्क्याचे पाणी पूर्वीप्रमाणेच कणीक भिजविण्यास वापरावे हे उत्तम.

दूध महाग, आणि ज्या देशात अनेक मुलांना ते प्यायला पुरेसे मिळत नाही तेथे ते गाळणीसाठी वापरावे हे मनाला पटत नाही. म्हणून झुरिचच्याच सहकार्याने सिंगापूरच्या नान्यांग तंत्रविद्यापीठात अली मिसेरेझ यांच्या गटाने दुसरी वाट धरली. सूर्यफूल व शेंगदाणा यांचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतून त्यांनी प्रथिन वेगळे केले, त्याचे तसेच तंतू केले, कोळशाबरोबर चाळण्या केल्या आणि पाण्यातील धातू ९९.८९ टक्क्यांपर्यंत अडविले. शेंगदाण्याची पेंड म्हटली की गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाला सौराष्ट्रातील तेलघाण्यांची आठवण व्हावी. दुधनीपासून एका दिवसाच्या अंतरात हा कच्चा माल ढिगांनी पडतो आणि गुरांच्या पुढ्यात जातो.

येथे लेखणी थोडी आवरली पाहिजे, कारण अशा बातम्या वाचून प्रश्न सुटलाच असे वाटू लागते. सिंगापूरच्या संशोधकांनी स्वतःच एक हिशेब दिला आहे. ऑलिंपिकच्या जलतरण तलावाएवढ्या पाण्यात अब्जभागी ४०० भाग शिसे असेल, तर ते पिण्यायोग्य करण्यास सूर्यफुलाचे सुमारे सोळा टन प्रथिन लागेल. हा तलाव साधारण पंचवीस लाख लिटरांचा. त्यात शिसे किती? लिटरला ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे साऱ्या तलावात अवघे एक किलो. एक किलो शिशासाठी सोळा हजार किलो प्रथिन! लिटरमागे सहा ग्रॅमांहून थोडे अधिक. आता वापीच्या सामूहिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची १९९७ च्या सुमाराची मूळ क्षमता घेऊ, दररोज साडेपाच कोटी लिटर, म्हणजे रोज बावीस तलाव. त्या पाण्यात तितके शिसे असते असे मला सुचवावयाचे नाही. पण समजा असते, तर रोज साडेतीनशे टन प्रथिन जाळावे लागले असते. शिवाय कारखान्यांच्या पाण्यातील विरघळलेले क्षार, रंग व नाना प्रकारची सेंद्रिय रसायने या तंतूंना सगळी आवरत नाहीत. नदीच्या मुखाशी प्रथिनाची चाळणी लावून वरच्या कारखान्यांना मोकळे रान द्यावे, असा कोणाचा बेत असेल तर तो गणितातच फसतो.

घरच्या पाण्याचा हिशेब मात्र वेगळा येतो. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी लागते. बोअरच्या पाण्यात शिसे किंवा आर्सेनिक मर्यादेपेक्षा थोडेच अधिक असेल, तर प्रथिनही त्या मानाने कमी पुरते. कारखान्याच्या आत, जेथे एका विशिष्ट टाकीतून धातूयुक्त पाणी निघते, तेथेही हा उपाय शोभतो, कारण तेथे पाणी थोडे आणि धातू पुष्कळ. वापरलेल्या चाळणीतील धातू पुन्हा काढून घेता येतो, ही जमेची बाजू. झुरिचच्या गटाने २०२४ मध्ये याचे एक मौजेचे प्रात्यक्षिक दाखविले. टाकाऊ संगणकांच्या वीस मुख्य पट्ट्या आम्लात विरघळवून त्यांतील सोने त्यांनी दुधाच्या प्रथिनाच्या स्पंजात पकडले आणि ४५० मिलिग्रॅमची बावीस कॅरटची गुंजभर डेखळी तयार केली. खर्चाच्या पन्नासपट किंमत सोन्याची आली, असे ते म्हणतात. पण चाळणीत सोन्याऐवजी पारा अडकला असेल तर ती कोणी जपून ठेवणार नाही. ती उकिरड्यावर गेली, कुजली, की पारा पुन्हा मोकळा. प्रथिन निसर्गात सहज विघटन पावते, हा एरवीचा गुण येथे दोष होतो. चाळणी कोठे जमा करावयाची याची व्यवस्था झाल्याखेरीज ती घरोघर वाटणे धोक्याचे आहे.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे, ते सांगितले नाही तर अन्याय होईल. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून याच प्रश्नांशी झुंजते आहे. तुरटी व चुना वापरून पाण्यातील फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' तिचीच. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून गाळणी तयार झाली, आणि पुढे चांदीच्या नॅनोकणांची जोड मिळून २००९ मध्ये ती 'स्वच्छ' या नावाने बाजारात आली. मद्रासच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील थलप्पिल प्रदीप यांनी 'अमृत' ही आर्सेनिक काढणारी गाळणी सिद्ध केली. तिच्यात लोहसंयुगाचे नॅनोकण कायटोसानमध्ये बसविलेले असतात. कायटोसान म्हणजे कोळंबीच्या सालींपासून मिळणारी बहुशर्करा. ती प्रथिन नाही, पण तिची कुळी जवळची. टाकाऊ, स्वस्त, जैविक द्रव्य घ्यावयाचे आणि त्यात नॅनोकण बसवावयाचे, हे धोरण सारखेच आहे. या कामासाठी प्रदीप यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

मग दुधनीच्या आसपासच्या घरांनी, किंवा आपल्यापैकी ज्यांच्या गावी पावसाळ्यात गढूळ पाणी येते त्यांनी, आज काय करावे? प्रथिनतंतूंची चाळणी अद्याप खेड्यातील दुकानात मिळण्यासारखी नाही. शेवग्याचे बी मात्र आहे. त्याची रीत थोडक्यात देतो. झाडावरच पूर्ण वाळलेल्या शेंगांतील बिया घ्याव्यात. हिरव्या शेंगांतील बियांना हा गुण पुरेसा नसतो. वरचे टरफल काढून आतील पांढरा गर ताजा कुटावा. मध्यम गढूळ पाण्याला लिटरमागे एक बी आणि फार गढूळ असल्यास दोन, हे साधारण प्रमाण आहे. पूड थोड्या स्वच्छ पाण्यात कालवून फडक्याने गाळावी आणि ते दुधट पाणी हंड्यात ओतावे. प्रथम मिनिटभर जोराने ढवळावे, नंतर पाच-दहा मिनिटे अगदी संथपणे, कारण जोराने ढवळत राहिल्यास जमलेले पुंजके फुटतात. मग तास-दोन तास हंड्याला हात लावू नये. वरचे पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात काढून उकळावे किंवा त्यात क्लोरीनचे औषध घालावे, आणि त्याच दिवशी संपवावे. ज्या विहिरीजवळ कारखाना किंवा रसायनांची साठवण आहे तिचे पाणी या रीतीने कितीही निवळले तरी पिऊ नये. ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे, कारण तेथील दोष हंड्याच्या तळाशी बसणारा नव्हे.

बियांत ३० ते ४० टक्के तेल असते. ते घाण्यावर काढून घेतले तरी पाणी निवळण्याचा गुण पेंडीत राहतो, तेव्हा तेल विकून पेंड घरात ठेवता येते. कोरड्या डब्यात, पाणी न लागता, बिया टरफलासकट वर्षभर टिकतात. शेंगा चैत्र-वैशाखात झाडावर वाळतात आणि डोंगरातील पाणी ज्येष्ठाच्या अखेरीस गढूळ होऊ लागते, म्हणजे डबा भरून ठेवण्यास मध्ये महिनाभराचा अवधी सहज मिळतो.